राजाचा वाढदिवस आणि आपल्या आठ सायकली

दोस्तांनो, गावात मोठी मिरवणूक निघते त्या दिवशी घरोघर दोन पक्ष पडतात की नाही? एक पक्ष सकाळपासून नटूनथटून रस्त्यावर. दुसरा पक्ष आदल्या रात्रीच पिशवी भरून ठेवतो आणि भल्या पहाटे चहा घेऊन गावाबाहेर पळतो. या दुसऱ्या पक्षाला मिरवणुकीचा राग असतो असं मुळीच नाही, बरं का! कुणाचा जीव गर्दीत घाबरतो, कुणाच्या कानांना आवाज सोसत नाही, तर कुणाला सुट्टीच्या दिवशी नुसती मोकळी हवा खायची असते.

असे दोन पक्ष फक्त आपल्याकडेच पडतात असं समजू नका. इथून हजारो किलोमीटर दूर, नेदरलँड्समध्येही ते पडतात. तिथलं निमित्त मात्र वेगळं. तिथं दरवर्षी २७ एप्रिलला सगळा देश राजाचा वाढदिवस साजरा करतो. आणि ज्यांना त्या गडबडीतून सुटायचं असतं, त्यांच्याकडे एक हुकमी वाहन असतं. ओळखा पाहू? बरोब्बर, सायकल! ज्या देशात माणसांपेक्षा सायकली जास्त आहेत, तिथं दुसरं काय असणार?

तर आज आपण एक बेत आखणार आहोत. राजाच्या वाढदिवशी ॲमस्टरडॅममधून सायकलवर बाहेर पडायचं, दिवसभर फिरायचं आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून परत यायचं. 'सगळ्यांनी मिळून' हे शब्द नीट लक्षात ठेवा. सहलीचं खरं अवघड गणित तिथंच आहे.

आधी राजाची गोष्ट

नेदरलँड्सचे राजे विलेम-अलेक्झांडर यांचा जन्म २७ एप्रिल १९६७ चा. ३० एप्रिल २०१३ रोजी त्यांच्या आई, राणी बेआट्रिक्स, पायउतार झाल्या आणि ते राजे झाले. पुढच्या वर्षापासून 'राजाचा दिवस' सुरू झाला. त्या भाषेत त्याला 'कोनिंग्सडाख' म्हणतात. गंमत अशी, की २०१४ साली २७ एप्रिलला नेमका रविवार आला. रविवारी हा सण करायचा नाही असा तिथला रिवाज, म्हणून पहिलाच 'राजाचा दिवस' एक दिवस आधी, २६ तारखेला झाला! २०२५ मध्येही तसंच झालं. आता पुन्हा २७ एप्रिलला रविवार कधी येईल? लीप वर्षं धरून हिशेब करा. उत्तर २०३१ यायला हवं.

त्याआधी हाच सण 'राणीचा दिवस' होता. त्याची सुरुवात ३१ ऑगस्ट १८८५ ची. त्या दिवशी राजकन्या विल्हेल्मिना पाच वर्षांची झाली. पुढे राणी युलियानाच्या काळात, १९४९ पासून, तिच्या वाढदिवशी म्हणजे ३० एप्रिलला सण होऊ लागला. तिच्यानंतर आलेल्या बेआट्रिक्स राणींचा वाढदिवस ३१ जानेवारीचा. आता जानेवारीत तिथं एवढी थंडी, की रस्त्यावर उभं राहून सण कोण करणार? मग राणींनी आईचीच तारीख कायम ठेवली. आहे की नाही शहाणपणाचा निर्णय?

त्या दिवशी सगळं गाव नारिंगी होतं. टोप्या नारिंगी, सदरे नारिंगी, काहींचे केससुद्धा नारिंगी! 'टॉमपूस' नावाची एक मलईची वडी असते, तिच्यावर एरवी गुलाबी साखरेचा थर देतात. त्या दिवशी तोही नारिंगी. कारण हे राजघराणं 'ओरान्ये' म्हणजे 'ऑरेंज' घराणं म्हणून ओळखलं जातं. हे नाव फळावरून नाही आलं. दक्षिण फ्रान्समध्ये ओरांज नावाचं एक गाव आहे. तिथली छोटीशी जहागीर १५४४ साली या घराण्यातल्या विल्यमला वारसाहक्कानं मिळाली, आणि तिचं नाव घराण्याला चिकटलं. रंग नंतर आला.

या सणातला मुलांच्या आवडीचा भाग म्हणजे 'फ्रायमार्क्त', खुला बाजार. एरवी रस्त्यावर माल विकायला परवाना लागतो. त्या दिवशी नाही. मग मुलं काय करतात? घरातली जुनी खेळणी, गोष्टींची पुस्तकं, लहान झालेले स्केट्स, सगळं गोळा करून फुटपाथवर चादर अंथरतात आणि दुकान मांडतात. ॲमस्टरडॅममधलं फोंडेलपार्क नावाचं मोठं उद्यान तर खास मुलांच्या बाजारासाठी राखून ठेवतात. कुणी तिथं व्हायोलिन वाजवून पैसे मिळवतं, कुणी घरचा केक विकतं. आपली जागा धरून ठेवायला लोक आधीच जमिनीवर खडूनं 'बेझेट' असं लिहून ठेवतात. म्हणजे 'जागा धरली आहे'. आपण एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतो ना, तसंच!

मग पळायचं कशाला?

एवढी मजा असताना पळायचं कशाला, असं तुम्ही विचारालच. कारण दिवस वर आला, की शहराच्या मध्यभागी पाय ठेवायला जागा उरत नाही. आसपासच्या गावांतून आणि परदेशांतूनही लाखो माणसं येतात. कालव्यांमध्ये नावांची दाटी होते आणि प्रत्येक नावेवर वेगळं गाणं मोठ्यानं लावलेलं असतं. मध्यभागातल्या ट्राम बंद असतात. दुपारनंतर पुष्कळ मोठी माणसं बिअर पिऊन झिंगलेली असतात आणि रस्त्यावर बाटल्यांच्या काचा पडतात. सायकलच्या टायरला काच म्हणजे काय, हे मी तुम्हांला सांगायला नको.

आणखी एक कारण आहे. काही लोकांना राजा असणंच पटत नाही. जन्मानं कुणी मोठं कसं होतं, असं ते विचारतात. याच देशात १५८८ पासून जवळजवळ दोनशे वर्षं राजा नव्हता, प्रजासत्ताक होतं. तेव्हा हा प्रश्न तिथं काही नवा नाही. ज्याला राजा आवडतो तो नारिंगी टोपी घालतो, ज्याला आवडत नाही तो घालत नाही. त्यावरून शेजारी शेजारी भांडत बसत नाहीत. टोपी न घालणाऱ्याला सुट्टी मात्र मिळतेच!

आपली टोळी

आता समजा, तुम्ही वर्षभरासाठी मावशीकडे राहायला गेला आहात. ॲमस्टरडॅमला लागूनच ॲमस्टेलव्हेन नावाचं गाव आहे. तिथं बरीच भारतीय कुटुंबं राहतात, त्यांत आपली मराठी मंडळीही आहेत. पण आपल्या गोष्टीपुरतं मावशीचं घर शहराच्या पूर्व भागात, फ्लेवोपार्क नावाच्या बागेजवळ आहे असं धरू. का, ते पुढं कळेल.

टोळीत आठजण. तुम्ही, तुमचे वर्गातले दोन मित्र, मावशी आणि काका, कॉलेजात जाणारा एक दादा, शेजारच्या पासष्ट वर्षांच्या आजी (त्या देशातल्या आजी रोज सायकल चालवतात, काळजी नको!) आणि मावशीची नऊ वर्षांची चिमी. दादा ताशी २० किलोमीटर वेगानं सहज जातो. चिमी ताशी १२ नं. मग टोळीचा वेग किती?

'सरासरी १६' असं ज्यानं मनात म्हटलं, त्यानं चिमीला दुपारपर्यंत रडवलंच म्हणून समजा. टोळीचा वेग सरासरीनं ठरत नाही. तो सगळ्यांत हळू चालवणाऱ्याच्या वेगानं ठरतो. म्हणजे १२. कागदावर लिहून ठेवा.

आणि चिमीची आणखी एक अडचण आहे. तिला सहलीला यायचंय, पण खेळणी विकायची आहेत! तिनं महिनाभर एका खोक्यात बाहुल्या आणि कोडी जमवली आहेत. दादा म्हणतो, 'सोड ग, पुढच्या वर्षी विक.' पण नऊ वर्षांच्या मुलीला पुढचं वर्ष किती लांब वाटतं, हे दादा विसरला. मग करायचं काय? बाजाराची वेळ बघायची. ॲमस्टरडॅममध्ये खुला बाजार सकाळी ६ वाजता सुरू होतो. खरे चोखंदळ गिऱ्हाईक तर पहाटेच येतात! मग चिमीनं फोंडेलपार्कपर्यंत न जाता घरासमोरच्याच फुटपाथवर ७ ते ९ दुकान मांडावं, आणि आपण साडेनऊला निघावं. दोन्ही गोष्टी जमल्या. बेत आखणं म्हणजे हेच. कुणाची तरी हौस खोडून टाकण्याआधी घड्याळ आणि नकाशा एकदा नीट बघायचा.

नकाशा पसरा

ॲमस्टरडॅमच्या उत्तरेला आय नावाचं रुंद पाणी आहे आणि पलीकडे 'वाटरलँड' नावाचा हिरवागार प्रदेश. पाण्याच्या पातळीहून खोल असलेली कुरणं, मधून मधून चर, लाकडी घरांची लहान गावं. आपल्याला तिथं जायचंय. एरवी लोक मुख्य स्टेशनच्या मागून फेरीबोटीनं पाणी ओलांडतात. बोट फुकट असते आणि सायकलही चालते. पण राजाच्या दिवशी स्टेशन म्हणजे गर्दीचं माहेरघर. तिकडे आठ सायकली घेऊन जाणं म्हणजे पळण्यासाठी मिरवणुकीतच शिरणं!

म्हणून तर आपण घर पूर्वेला धरलं. फ्लेवोपार्कजवळून ॲमस्टरडॅम पूल चढायचा, मोठा कालवा ओलांडून एका बेटावर उतरायचं, तिथून स्खेलिंगवाउडे पूल ओलांडला की आलोच वाटरलँडच्या तोंडाशी. बोट नाही, स्टेशन नाही, ट्राम नाही.

पुढचा रस्ता असा : डुर्खरडॅम हे पाण्याकाठचं गाव, सुमारे ५ किलोमीटर. तिथून बांधाच्या कडेकडेनं औटडॅम, आणखी १०. पुढे मार्केन, ६. मग मोनिकेनडॅम, ९. तिथून ब्रुक, ५. आणि झुंडरडॉर्पवरून परत फ्लेवोपार्क, ११. करा बेरीज. ४६ किलोमीटर. ताशी १२ नं पावणेचार तासांहून थोडं जास्त. त्यात तीन लहान थांबे आणि एक जेवणाचा थांबा मिळून अडीच तास. साडेनऊला निघालो तर चारच्या सुमारास परत. एप्रिलअखेर तिथं सूर्य रात्री नऊच्या आसपास मावळतो, तेव्हा उजेडाची चिंता नाही. तरी सायकलला पुढं पांढरा आणि मागं लाल दिवा हवाच.

या गावांच्या नावांत सारखं 'डॅम' येतं, लक्षात आलं का? डॅम म्हणजे बांध. ॲमस्टरडॅम म्हणजे ॲमस्टेल नदीवरचा बांध. पाण्याशी झगडून वसवलेला मुलूख आहे हा, नावातच सांगतो.

आता एक युक्तीची गोष्ट. तिथं वाट शोधायला नकाशा सारखा हातात धरावा लागत नाही. सायकलच्या वाटा जिथं एकमेकींना मिळतात, त्या प्रत्येक जागेला आकडा दिलेला असतो. पुढच्या आकड्याकडे बाण. आपण फक्त आकड्यांची यादी कागदावर लिहून हँडलला चिकटवायची. ही कल्पना शेजारच्या बेल्जियममधल्या ह्यूगो बोलेन नावाच्या खाणतज्ज्ञाची. त्याच्या लिंबुर्ग प्रांतात १९९५ साली असं पहिलं जाळं सुरू झालं आणि मग नेदरलँड्सभर पसरलं. फक्त एक सावधगिरी : आकडे ९९ च्या आतलेच असतात, त्यामुळे तोच आकडा दुसऱ्या भागात पुन्हा येतो. यादीबरोबर गावांची नावंही लिहा. बांधाचं काम कुठं चालू आहे का आणि वाट बंद आहे का, हेही आदल्या आठवड्यात बघून ठेवा.

आणि हो, राजा स्वतः त्या दिवशी कुठं आहे तेही बघा! दरवर्षी राजघराणं एका वेगळ्या गावी जातं. २०२३ मध्ये रॉटरडॅम, २०२४ मध्ये एमेन, २०२५ मध्ये डुटिंखेम. आपण ज्याच्यापासून पळतोय तोच समोर यायचा!

थकलो तर?

बेतातला सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न हा. एरवी त्या देशात कुणी थकलं की जवळचं स्टेशन गाठायचं आणि सायकल घेऊन आगगाडीत बसायचं. राजाच्या दिवशी मात्र गाड्यांना एवढी गर्दी असते, की सायकल आत घेऊ देत नाहीत. आपल्या वाटेवर तर स्टेशनच नाही. बसमध्ये सायकल चालत नाही. म्हणजे निघालो की आपल्या पायांवरच परत यायचं.

अशा वेळी शहाणे प्रवासी 'निर्णयाची जागा' आधीच ठरवतात. आपली जागा औटडॅम. तिथवर १५ किलोमीटर झालेले असतील. तिथं सगळ्यांनी उतरायचं, पाणी प्यायचं आणि प्रत्येकाला विचारायचं. नीट विचारायचं हं! 'काय चिमे, दमलीस की काय?' असं सगळ्यांसमोर विचारलं तर कोण हो म्हणेल? काकांनी बाजूला जाऊन हळूच विचारावं. तिचे पाय दुखत असतील, तर औटडॅमहून आत वळून थेट ब्रुक गाठायचं. एकूण फेरी ३४ किलोमीटरची होते, १२ वाचतात. आणि वळायचं ठरलं तर आठहीजणांनी वळायचं. 'आम्ही दोघं मार्केन बघून येतो, तुम्ही व्हा पुढं,' हे चालणार नाही. टोळी निघाली आठांची, येणारही आठांची. घरून निघण्याआधीच दादाकडून हे कबूल करून घ्या. भर वाऱ्यात, बांधावर उभं राहून असले वाद मिटत नसतात.

वाऱ्याची गोष्ट निघालीच तर सांगतो. त्या सपाट देशात चढ नाहीत, पण वारा आहे. तोच त्यांचा घाट! बहुतेक वेळा तो नैर्ऋत्येकडून येतो. आपण जातो ईशान्येला, म्हणजे जाताना वारा पाठीशी. सायकल पळते, सगळे खूश, 'किती सोपं आहे!' आणि येताना तोच वारा तोंडावर, तेही दमल्यावर. म्हणून आदल्या संध्याकाळी हवेचा अंदाज बघायचा. परतीच्या वाटेवर वारा समोरचा असेल तर मोठ्यांनी आळीपाळीनं पुढं राहायचं आणि लहानांनी त्यांच्या आडोशानं चालवायचं.

चालवताना

पहिला नियम : तिथं वाहतूक उजव्या बाजूनं चालते. आपली डावीची सवय वळणावर दगा देते, म्हणून वळताना मनातल्या मनात 'उजवी, उजवी' म्हणा. दोघांनी शेजारी शेजारी चालवायला परवानगी आहे, तिघांनी नाही. रस्त्यावर पांढऱ्या त्रिकोणांची रांग दिसली आणि त्यांची टोकं आपल्याकडे असली, तर थांबून दुसऱ्याला वाट द्यायची. त्यांना तिथं 'शार्कचे दात' म्हणतात! हातात फोन धरून सायकल चालवणं १ जुलै २०१९ पासून कायद्यानं बंद आहे. आणि भाड्यानं सायकल घेतली तर आधी ब्रेक बघा. पुष्कळ सायकलींना हाताचा ब्रेक नसतो, पायडल उलटं फिरवलं की ती थांबते. हे ठाऊक नसलं तर पहिल्याच कोपऱ्यावर फजिती!

रांगेत सगळ्यांत पुढं मावशी, कारण वाट तिला माहीत आहे. सगळ्यांत मागं दादा. का? तो सगळ्यांत दणकट म्हणून. कुणाची चेन पडली, कुणाचं चाक बसलं, तर शेवटचा माणूस ताकदीचा हवा, आणि पंप, पाना, पंक्चरचं सामान त्याच्याच कॅरिअरवर हवं. प्रत्येक वळणावर एकानं खांबासारखं उभं राहायचं आणि दादा येईपर्यंत हलायचं नाही. बस, एवढं केलं की कुणी हरवत नाही.

खाणं घरून न्या. सणामुळे पुष्कळ दुकानं बंद असतात. तिखटामिठाच्या पुऱ्या, गुळाची पोळी, केळी आणि प्रत्येकाची पाण्याची बाटली. मोठ्या बांधावर झाड नाही की आडोसा नाही, म्हणून वारा लागू नये असं एक जाडसर जाकीट प्रत्येकाकडे हवं. एप्रिलमध्ये ऊन असलं तरी तिथं आपल्याकडच्या हिवाळ्यासारखं गार असतं.

बांधावर

डुर्खरडॅम सुटलं, की शहराचा आवाज मागं राहतो. एका बाजूला मोठं पाणी, दुसऱ्या बाजूला खोलगट कुरणं, आणि मध्ये बांधाची वळणं घेत जाणारी वाट. ही वळणं का आहेत ठाऊक आहे? पूर्वी समुद्रानं जिथं जिथं बांध फोडला, तिथं पाण्यानं खोल डोह खणला. तो बुजवणं शक्य नव्हतं, म्हणून नवा बांध डोहाला वळसा घालून बांधला. वळणाच्या आत एखादं तळं दिसलं, की समजायचं, इथं एके काळी बांध फुटला होता.

समुद्र म्हणालो खरा, पण आज ते पाणी गोडं आहे. १९१६ च्या जानेवारीत मोठं वादळ आलं, बांध फुटले आणि हा सगळा प्रदेश पाण्याखाली गेला. मार्केन तेव्हा बेट होतं. तिथं १६ माणसं गेली. त्यानंतर देशानं ठरवलं, की समुद्राचं तोंडच बंद करायचं. ३२ किलोमीटर लांबीचा बांध घातला गेला, १९३२ मध्ये तो पुरा झाला, आणि खाऱ्या उपसागराचं हळूहळू गोड्या पाण्याचं सरोवर झालं. सायकलच्या सीटवर बसून आपण हे सगळं डोळ्यांनी बघत जातो.

कुरणांत 'ग्रुटो' नावाचा लांब चोचीचा, उंच पायांचा पक्षी दिसेल. २०१५ साली लोकांनी त्याला राष्ट्रीय पक्षी म्हणून निवडलं. त्याचे भाईबंद हिवाळ्यात आपल्या उजनीच्या पाण्यावर, भिगवणलाही उतरतात. एप्रिलमध्ये ग्रुटोची घरटी गवतात जमिनीवरच असतात. म्हणून कुंपण ओलांडून कुरणात शिरायचं नाही. आपण गर्दीला कंटाळून तिथं गेलो, आता त्या पक्ष्यांसाठी आपणच गर्दी व्हायचं नाही!

आणि मार्केनला...

औटडॅमला चिमीनं 'मी येते' असं सांगितलं, तर पुढं मार्केन. १९५७ साली घातलेल्या रस्त्यावरून आपण त्या जुन्या बेटावर जातो. दोन्ही बाजूंना पाणी. पुरापासून वाचण्यासाठी तिथली घरं मातीच्या उंचवट्यांवर आणि काही तर खांबांवर बांधलेली आहेत. टोकाला १८३९ चा पांढरा दीपस्तंभ आहे. त्याच्या आकारावरून लोक त्याला 'मार्केनचा घोडा' म्हणतात.

पण गावात शिरता शिरता तुम्हांला काय दिसेल? नारिंगी पताका! राजाच्या दिवशी मार्केनची पुष्कळ माणसं ठेवणीतला जुना पोशाख घालतात, आजीपासून नातवापर्यंत. म्हणजे ज्याच्यापासून पळालो, तो सण गावात आधीच येऊन बसलेला!

मग काय, उलटं फिरायचं? छे! इथं ना रेटारेटी, ना कर्णे. गावातली माणसं आपल्या गावात आपला सण करताहेत. आपण सायकलवरून उतरायचं, सायकल हातात धरून चालत जायचं, कुणाचा फोटो काढायचा असेल तर आधी विचारायचं. आणि चिमीच्या खिशात सकाळच्या विक्रीचे पैसे असतील, तर ती तिथल्या एखाद्या मुलाच्या चादरीवरून काहीतरी विकत घेईल. बाहुल्या विकून मिळालेल्या पैशांची तिनं दुसरी बाहुली आणली, तर हसू नका. बाजार म्हणतात तो यालाच.

मोनिकेनडॅम, ब्रुक, झुंडरडॉर्प करत परत पुलापाशी याल तेव्हा शहर ऐन रंगात असेल. पुलावरून उतरलात की जरा थांबा. पुढच्या गल्ल्यांत काचा असतील, म्हणून सायकली हातात धरून चाला. मग माणसं मोजा. मावशी, काका, आजी, दोन मित्र, चिमी, तुम्ही, आणि सगळ्यांत शेवटी, पंप घेऊन येणारा दादा. झाले आठ?

आता हाच कागद उलटा करा आणि मागच्या बाजूला आपल्या गावाचा नकाशा काढा. गावात मोठी मिरवणूक निघेल त्या दिवशी तुमची टोळी कुठून बाहेर पडेल? कुठल्या पुलावर गर्दी नसेल? तुमचं औटडॅम कुठलं? आणि सगळ्यांत हळू कोण चालवतं? आधी त्याचं नाव लिहा. वेग त्याच्याकडूनच विचारून घ्यायचाय.